अंगठीवरचे चित्र आणि नोलाची छावणी

गेल्या महिन्यात फोर्टमधील एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात रोमन नाण्यांवरचा एक जुना ग्रंथ चाळत असताना इ.स.पू. ५६ मधल्या एका चांदीच्या दिनारियसच्या छायाचित्रावर माझी नजर खिळली. उंच आसनावर एक पुरुष बसला आहे, त्याच्यापुढे गुडघे टेकून एक राजा ऑलिव्हची डहाळी पुढे करतो आहे आणि दुसऱ्या बाजूस आणखी एक जण हात पाठीशी बांधलेल्या अवस्थेत गुडघ्यांवर आहे. बसलेला तो सुल्ला, डहाळी धरणारा उत्तर आफ्रिकेतील मॉरेटानियाचा बोक्कस आणि बांधलेला शेजारच्या नुमिडियाचा राजा जुगुर्था. रुपयाच्या नाण्याहून लहान अशा त्या वर्तुळात रोममधल्या मारियस आणि सुल्ला या दोन सेनापतींच्या वैराचा उगमच कोरलेला आहे.

जुगुर्थाविरुद्धच्या मोहिमेचा सेनापती होता गायस मारियस, आणि सुल्ला हा त्याच्या हाताखालचा क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचे काम पाहणारा अधिकारी. इ.स.पू. १०५ मध्ये बोक्कसला वळवून, स्वतःचा जीव धोक्यात घालून, जुगुर्थाला ताब्यात घेतले ते सुल्लाने. रोममध्ये विजययात्रा निघाली ती मात्र मारियसची. सुल्लाने हाच प्रसंग आपल्या अंगठीवर कोरून घेतला आणि पत्रांवर तो त्याच अंगठीची मोहोर उठवू लागला. चरित्रकार प्लूटार्क सांगतो की ही गोष्ट मारियसच्या मनाला फार लागली. पुढे बोक्कसने हेच दृश्य सोन्याचा मुलामा दिलेल्या पुतळ्यांच्या रूपाने रोममधील कॅपिटोल टेकडीवर उभे केले, तेव्हा प्रकरण हातघाईवर यायचेच बाकी होते, पण इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतील मित्रराज्यांनी बंड पुकारले आणि भांडण तेवढ्यापुरते मागे पडले.

ही कथा सांगताना बहुतेक लोक अंगठीपाशीच थांबतात आणि सगळा दोष दोन माणसांच्या मत्सरावर टाकून मोकळे होतात. मला ते अपुरे वाटते. मत्सर रोममध्ये पूर्वीही होता, परंतु एका सेनापतीने दुसऱ्यावर कुरघोडी करण्यासाठी थेट राजधानीवर फौज नेल्याचे उदाहरण नव्हते. मध्यंतरी काय बदलले होते, हे पाहायचे तर इ.स.पू. १०७ कडे जावे लागते. त्या वर्षी मारियसने सैन्यभरती करताना मालमत्तेची अट बाजूला ठेवून भूमिहीनांना सैन्यात घेतले. ज्याच्या मागे शेत आहे तो शिपाई मोहीम संपली की घरी जाई. ज्याच्या मागे काहीच नाही त्याने कोठे जायचे? त्याला जमीन हवी होती, ती देण्याची कायमची व्यवस्था रोमने केलेली नव्हती, आणि मग ती मिळवून देणारा सेनापती हाच त्याचा पोशिंदा ठरला. इ.स.पू. १०३ मध्ये सॅटर्नायनस या ट्रिब्यूनला (जनतेने निवडलेल्या प्रतिनिधीला) हाताशी धरून मारियसने आपल्या जुन्या शिपायांना आफ्रिकेत जमिनी मिळवून दिल्या, तेव्हा ज्याचे खावे मीठ त्याची करावी चाकरी हा हिशेब पक्का झाला.

या हिशेबाचे खरे रूप इ.स.पू. ८८ मध्ये दक्षिण इटलीतील नोलाच्या छावणीत दिसले. सुल्ला त्या वर्षी कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, होता आणि पोन्टसचा राजा मिथ्रिडेटिस याच्यावरील पूर्वेची मोहीम सिनेटने त्याच्याकडे सोपवली होती. सुल्पिसियस या ट्रिब्यूनने जनसभेत ठराव करून ती काढून घेतली आणि सत्तरीकडे झुकलेल्या मारियसला दिली. मारियसने पाठवलेले अधिकारी फौजेचा ताबा घ्यायला आले, तेव्हा शिपायांनी त्यांना दगडांनी ठेचून मारले. पूर्वेची मोहीम म्हणजे संपन्न शहरे आणि मोठी लूट. मारियस आपल्याऐवजी दुसऱ्याच शिपायांना नेईल, ही त्यांची भीती होती. सुल्ला रोमकडे निघाला तेव्हा एक क्वेस्टर सोडला तर त्याचे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. सहा लीजनांतील (रोमन पलटणींतील) सामान्य शिपाई मात्र गेले नाहीत. प्रजासत्ताकाशी निष्ठा राखली ती जमीनजुमला असलेल्यांनी, आणि त्या शिपायांना दोष देणे मला आजही जमत नाही.

मराठी वाचकाला येथे १८०२ चे पुणे आठवेल. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांना धूळ चारली, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह करून बसला. विरार लोकलने वसईला उतरून किल्ल्यात गेले की तो तह माझ्या मनातून जात नाही. तरीही हे साम्य फार ताणू नये. पुण्याच्या भांडणात तिसरा बाहेरून आला. रोमला तिसऱ्याची गरजच भासली नाही.

एस्क्विलाइन दरवाजातून सुल्लाची फौज आत शिरली, तेव्हा नागरिकांनी घरांच्या छपरांवरून कौले आणि दगड यांचा मारा केला, आणि घरे जाळण्याची धमकी देऊन सुल्लाने तो थांबवला. पुढचे सर्वश्रुत आहे: मारियसचे पलायन, इ.स.पू. ८७ मधील त्याचे सूडाने पेटलेले पुनरागमन, सातवे कॉन्सलपद मिळाल्यावर काही दिवसांतच झालेला मृत्यू, आणि इ.स.पू. ८२ मध्ये कोलाइन दरवाजाची लढाई जिंकून सुल्लाने जाहीर केलेल्या वधयोग्य माणसांच्या याद्या.

ते नाणे मात्र सुल्लाच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी त्याचा मुलगा फाउस्टस याने पाडले. फाउस्टस हा पॉम्पीचा जावई आणि सीझर हा मारियसच्या पत्नीचा भाचा, त्यामुळे पुढे पॉम्पी आणि सीझर यांच्यात झालेल्या यादवीत कोण कोणत्या बाजूस जाणार हे जणू आधीच ठरलेले होते. इ.स.पू. ४६ मध्ये थॅप्ससच्या लढाईत पॉम्पीच्या पक्षाचा पराभव झाल्यावर फाउस्टस आफ्रिकेतच पकडला गेला, आणि थोड्याच दिवसांत सीझरच्या सैन्यात उसळलेल्या दंगलीत शिपायांच्या हातून मारला गेला.