ताईंच्या पानावरचं एदलाबाद

२१ जुलै २००७. दिल्लीत राष्ट्रपतिपदाची मतमोजणी सुरू होती आणि जळगावच्या आमच्या कार्यालयात फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. प्रतिभाताई पाटलांच्या कारकिर्दीचं अख्खं पान माझ्याकडे होतं.

वरिष्ठांना पायऱ्यांचं चित्र हवं होतं. सगळ्यात खाली आमदार, सगळ्यात वर राष्ट्रपती. पण कात्रणांचं पाकीट उपसत गेलो तसं मला ते चित्र पटेना. १९६२ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी ताई जळगावातून आमदार झाल्या. पुढे १९६७ ते १९८५ एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या. तिथून सलग चार वेळा निवडून आल्या. उपमंत्री झाल्या, कॅबिनेट मंत्री झाल्या. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार असताना, १९७९-८० मध्ये, विरोधी पक्षनेत्या होत्या. मग राज्यसभा आणि तिथलं उपसभापतिपद, १९९१ ला अमरावतीतून लोकसभा, २००४ ला राजस्थानचं राज्यपालपद.

ही बढत्यांची यादी नाही. दर वेळी काम पार वेगळं होतं. आमदारानं मतदारसंघासाठी मागायचं, मंत्र्यानं निर्णय घ्यायचा, विरोधी पक्षनेत्यानं जाब विचारायचा. उपसभापतीच्या खुर्चीत बसलं की स्वतःचं बाजूला ठेवून सभागृहाला बोलू द्यायचं. राजभवनात तर बहुतेक सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच होते. माझ्या मते यात सगळ्यात अवघड एदलाबादच. तिथला मतदार रोज समोर असतो आणि काम झालं नाही तर तोंडावर सांगतो. तिथं सलग चारदा निवडून येणं मला राष्ट्रपती भवनाइतकंच मोठं वाटतं.

दुपारी मुक्ताईनगर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. निकाल ऐकायला थेट पेपरच्या कचेरीत आले होते. खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "भाऊ, चारही वेळा ताईंना मत दिलं मी. आज माझं मत कुठंय?"

राष्ट्रपती थेट जनता नाही, निवडून आलेले आमदार-खासदार निवडतात. आमदाराच्या मताचं मूल्य कसं काढतात ते न्यूजप्रिंटच्या कागदावर त्यांना मांडून दाखवलं. राज्याची १९७१ची लोकसंख्या, भागिले आमदारांची संख्या, भागिले एक हजार. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणून एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. उत्तर प्रदेशात तेच २०८, सिक्कीममध्ये ७. खासदाराचं ७०८. तुमचं मत म्हणजे तुमच्या आमदाराच्या त्या १७५ मधला वाटा.

गुरुजींनी चष्मा वर करून आकडेमोड तपासली, मग विचारलं, "म्हणजे आमच्या एदलाबादचे १७५ ताईंना मिळाले?"

मी थबकलो. आमदार होते भाजपचे एकनाथ खडसे आणि भाजपचा पाठिंबा ताईंच्या विरोधातले उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना. शिवसेना मात्र युतीत असूनही मराठी उमेदवार म्हणून ताईंच्या बाजूनं होती. या निवडणुकीत व्हीप, म्हणजे कुणाला मत द्यायचं याचा पक्षादेश, नसतो आणि मतदान गुप्त. ज्या तालुक्यानं ताईंना चारदा विधानसभेत पाठवलं, त्या तालुक्याचं मत कुठं पडलं ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. गुरुजींना मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, "गुप्त आहे ना? मग ठीक. आमचंही गुप्तच होतं."

निकाल आला. ताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं, शेखावतांना ३,३१,३०६. देशाची पहिली महिला राष्ट्रपती बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेली! डेस्कवर पेढे फिरले. बाहेर फटाके सुरूच होते. गुरुजींचे डोळे भरून आले, माझेही.

पायऱ्यांचं चित्र काढून टाकलं. पानाचा वरचा अर्धा भाग एदलाबादच्या अठरा वर्षांना दिला आणि बाकीची पदं खाली, प्रत्येकापुढे तिथं नेमकं काय काम असतं ते एका ओळीत. वरिष्ठ आधी कुरकुरले, मग पान वाचून सही केली.

निघताना गुरुजींनी पिशवीतून एक अर्ज काढला. गावच्या रस्त्याचा. "आता ताईंना पाठवला तर चालेल ना?"

रस्ता जिल्हा परिषदेचा होता. मी त्यांना खाली बसवलं, अर्जावरचं नाव बदलून कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, जळगाव असं लिहून दिलं आणि पोच घ्यायला विसरू नका म्हणालो.