ताप उतरला, नाडी उतरली नाही

रविवार, रात्री साडेदहा

आज सकाळच्या राऊंडला ७२ वर्षांचे काका पहिल्यांदाच खुर्चीत बसून चहा पिताना दिसले, आणि तीन दिवसांनी मला बरे वाटले. गुरुवारी दुपारी त्यांना आणले तेव्हा ताप १०२ होता, श्वास मिनिटाला ३२ चालला होता, रक्तातील ऑक्सिजन ८८ टक्के होता आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग स्पष्ट दिसत होता. न्यूमोनियाचे निदान करायला अडचण पडली नाही. ऑक्सिजन लावला, प्रतिजैविक सुरू केले, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ताप उतरला. काकूंनी दारातच मला गाठून विचारले, "डॉक्टरसाहेब, आता अंग गार लागतंय त्यांचं. उद्या घरी नेऊ ना?"

त्याच रात्री एक वाजता सिस्टरांचा फोन आला. "सर, ताप नाही, पण नाडी १३६ आहे आणि ठोके एकसारखे पडत नाहीत. मशीनवर आकडा सारखा बदलतोय म्हणून मी मनगटावर पूर्ण मिनिटभर मोजली." ईसीजी काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे नियमित आकुंचन थांबून त्यांची नुसती थरथर चालू होती, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. बोटांनी नाडी मोजण्याचा तो एक मिनिट सिस्टरांनी वाचवला असता, तर सकाळपर्यंत काय झाले असते याचा विचार मी मुद्दाम करतो, कारण अकरा वर्षांपूर्वी तो मिनिट माझ्याकडून राहून गेला होता.

तेव्हाचा रुग्णही असाच होता, साठी ओलांडलेला, मधुमेही. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून मी समाधानाने राऊंड संपवला. तापाचा आलेख खाली आला होता, पण त्याच कागदावर त्याच्या शेजारच्या रकान्यात नाडी ११८, १२०, १२२ अशी चढत चालली होती आणि मी ती वाचली नाही. सलाईनचा वेगही कमी करायला सांगितले नाही. पहाटे त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरले, बसूनही श्वास घेता येईना, आणि ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा होत्या. त्यांना आम्ही वाचवू शकलो नाही. त्यांच्या मुलाने मला विचारलेला प्रश्न साधा होता: "आजार छातीतल्या कफाचा होता, मग हृदयाचं काय झालं?" त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, म्हणून आज ते पुन्हा नीट लिहीत आहे.

न्यूमोनियात फुप्फुसाचा एक भाग पू आणि द्रवाने भरतो, त्यामुळे रक्ताला ऑक्सिजन कमी मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय वेगाने धावू लागते. पण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, आणि नाडी वाढली की नेमकी तीच विश्रांती आखडते. म्हणजे काम वाढते आणि शिधा घटतो. त्यातच संसर्गाविरुद्ध पेटलेला दाह रक्तवाहिन्यांतील जुन्या चरबीच्या थरांना अस्थिर करतो, रक्तातील प्लेटलेट्स चिकट होतात, गुठळी होण्याचा धोका वाढतो. फुप्फुसातील दाब वाढल्याने हृदयाच्या उजव्या बाजूवरही भार येतो. शिवाय न्यूमोकोकस हा न्यूमोनिया करणारा जंतू रक्तात शिरला तर थेट हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचून तेथे सूक्ष्म जखमा करू शकतो, हे २०१४ साली उंदीर आणि माकडांवरील अभ्यासात प्रत्यक्ष पाहिले गेले. हे वाचले तेव्हा मला त्या मुलाची फार आठवण झाली.

असे क्वचितच घडत असेल, अशी माझीही पूर्वी समजूत होती. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना हृदयाचा नवा किंवा बळावलेला त्रास झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक घटना पहिल्या २४ तासांतच लक्षात आल्या आणि जवळपास ९० टक्के पहिल्या आठवड्यात. सर्वांत जास्त प्रमाण होते हृदय कमजोर पडण्याचे, त्याखालोखाल अनियमित ठोक्यांचे, आणि मग झटक्याचे. चारांत एक, ही गोष्ट दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही.

काकांच्या बाबतीत आणखी एक कारण शनिवारी सकाळी उलगडले. ते रक्तदाबासाठी सहा वर्षांपासून जी गोळी घेत होते, ती नाडीही आटोक्यात ठेवणारी होती. दाखल होताना गडबडीत जुन्या गोळ्यांची पिशवी घरीच राहिली, आम्ही नव्या औषधांची यादी केली आणि जुनी बंद झाली. अशी गोळी एकाएकी थांबली की नाडी उसळते. गंभीर आजारात रक्तदाब फार खाली गेला तर ती थांबवावीच लागते, हे खरे. पण तो विचार करून घेतलेला निर्णय असावा, विसरल्याचा परिणाम नसावा. प्रतिजैविकाच्या निवडीतही हेच आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन आपल्याकडे सर्दी-खोकल्यालाही सर्रास दिली जाते, पण काही रुग्णांत ती हृदयाच्या विद्युत लयीत धोकादायक बिघाड करू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ सालीच दिला होता. आधी ईसीजी काढायला लागतात पाच मिनिटे, आणि तेवढा वेळ मी आता कुठल्याही वयस्कर रुग्णासाठी काढतोच.

जुनी गोळी पुन्हा सुरू केली, सलाईन जवळजवळ बंद केले, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे पाहायला रक्तातील ट्रोपोनिन तपासले, टुडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. शनिवारी रात्री ठोके आपोआप सरळ झाले. आज नाडी ८४ आहे.

दुपारी काकूंना शेजारी बसवून मी सगळे सांगितले. घरी गेल्यावरही नाडी मोजायची, हे त्यांना स्वतःच्या मनगटावर शिकवले. त्यांनी दोनदा मोजून दाखवली आणि दोन्ही वेळा बरोबर आली. रात्री आडवे झाल्यावर दम लागू लागला, दोनऐवजी तीन उशा लागू लागल्या, पायांवर सूज आली किंवा छातीत धडधड झाली, तर "कफ अजून गेला नसेल" म्हणून वाट पाहायची नाही. ६५ वर्षांवरील लोकांच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात न्यूमोनियानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि पुढे तो कमी होत गेला तरी दहाव्या वर्षीही पूर्ण ओसरला नव्हता. काकूंना मी आकडे सांगितले नाहीत. महिनाभर जपा, नंतरही विसरू नका, एवढेच म्हणालो. लसीचेही बोललो: लहान मुलांना न्यूमोकोकसची लस २०१७पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात मिळू लागली, मोठ्यांना मात्र ती पदरचे पैसे घालून घ्यावी लागते, आणि मला हे मनापासून खटकते. काकूंनी किंमत विचारली, मुलाशी बोलते म्हणाल्या.

मंगळवारी काकांना घरी सोडेन. डिस्चार्ज कार्डावर जुन्या गोळ्या आधी आणि नव्या नंतर लिहायच्या आहेत, दोन आठवड्यांनी ईसीजीसह फेरतपासणीची तारीख घालायची आहे, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना उद्या भेटून आभार मानायचे आहेत.