पेन्शनवर आल्यानंतरचं लिहिणं

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेला माणूस आमच्या साताऱ्याकडे शेती बघतो, नाहीतर बँकेत सिक्युरिटीला लागतो. मी फौजेतल्या दिवसांवर लिहायला बसलो, त्याला कारण अपशिंगे मिलिटरी. आमच्याच जिल्ह्यातल्या या गावाची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली. गावात त्यांचं स्मारक आहे, पण तिकडे त्यांनी काय खाल्लं, रात्री कशाची भीती वाटली, हे त्यांच्या शब्दांत मला कुठे वाचायला मिळालं नाही. फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांची पत्रं सेन्सॉर तपासायचा. त्यातले उतारे इंग्रजी भाषांतर होऊन लंडनच्या दप्तरात राहिले. आपल्या माणसांचं सांगणं सेन्सॉरच्या वहीतून वाचावं लागतं, ही गोष्ट मला लागली.

नोकरीत असताना परवानगीशिवाय काही छापता येत नाही. पेन्शनवर आल्यावरही १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच, आणि तो नसता तरी पुढच्या पोरांना धोका होईल असं मी लिहिलं नसतं. म्हणून पहिल्या खर्ड्यातून सीमेवरच्या पोस्टची नावं, उंची, माणसांची संख्या, गस्तीच्या वेळा सगळं काढलं. मग पानांवर बुखारी उरली, म्हणजे बंकर गरम ठेवायची रॉकेलची शेगडी. रॉकेल थेंबाथेंबाने सोडायचं, जास्त झालं की भडका, कमी झालं की नुसता धूर. रात्रभर बंकरमध्ये तीच काजळी नाकात जायची आणि सकाळी थुंकी काळी पडायची. पाण्यासाठी बर्फ वितळवत बसायचं, आणि भांडंभर बर्फाचं पाणी होतं तळाला दोन बोटं. खरं पुस्तक या पानांपासून सुरू झालं.

सगळ्यात अवघड काम होतं नावांचं. माझ्या सेक्शनमधला एक जण गेला, पुस्तकात त्याच्यावर एक प्रकरण लिहिलं होतं. घरच्यांना न विचारता ते छापणं मला पटेना. गेलो त्याच्या गावी. पडवीत बसून वहिनींना सगळं वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "भावजी, ते चहात साखर घालून घेत नव्हते. गुळाचाच लागायचा." मी तिथेच पेनाने दुरुस्त केलं. वाचून झाल्यावर बराच वेळ त्या सुपात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव राहू द्या त्यांचं. शेवटचं पान तेवढं आईंच्या पुढं वाचू नका." नाव राहिलं. दुसऱ्या एका घराने नको म्हटलं, तिथे नाव बदललं आणि गावही बदललं. जो कोणी असं लिहील त्याने आधी हे करावं, प्रकाशक नंतर शोधावा.

पुण्यातल्या एका प्रकाशकाने गोळीबार वाढवा असं सुचवलं. सीमेवरचे बहुतेक दिवस वाट बघण्यात आणि ओझी वाहण्यात जातात, ते कमी करून मला चाललं नसतं. मी हस्तलिखित परत आणलं आणि स्वतःच छापलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो. लेखक स्वतः अर्ज करू शकतो, फी नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, प्रकाशनापासून ३० दिवसांत. त्या मी पोस्टात टाकल्या तेव्हा फार बरं वाटलं. गावातल्या माणसाचं नाव आता सरकारी दप्तरात त्याच्याच भाषेत होतं.

मग आमच्या इथल्या ग्रंथालयातल्या सेक्रेटरींनी रविवारी लिहिण्याचा वर्ग घ्या म्हणून सुचवलं. पेन्शनर येतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली येतात. मी त्यांना फौजेतल्या रिपोर्टपासून सुरुवात करायला लावतो. किती वाजता, कुठे, कोणी पाहिलं, काय पाहिलं. 'शूर', 'धाडसी', 'देशप्रेमाने भारलेला' हे शब्द पहिल्या खर्ड्यात बंद. मुलींना हे लवकर जमतं. आमच्या पेन्शनरांना जड जातं, कारण सत्कारात हेच शब्द ऐकून कान तयार झालेले असतात.

एक नाईक साहेब खेचरांच्या तुकडीत होते. पहिल्या दिवशी त्यांनी भारतमातेवर दोन पानं आणली. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या खेचराबद्दल सांगा." त्यांनी पटकन त्याचा खुरावरचा नंबर सांगितला, इतकी वर्षं झाली तरी पाठ. कोणता पाय उचलून द्यायला ते त्रास द्यायचं, नाल्याजवळ का अडायचं, चढाला ओझं मागे सरकलं की पट्टा कुठे आवळायचा, सगळा वर्ग ऐकत राहिला. तेच लिहा म्हटलं. आता चौदा पानं झाली आहेत, आणि खेचर अजून नाल्यापर्यंतच पोचलंय. पुढचा भाग येत्या रविवारी वाचणार आहेत.