हणजूणचा बुधवारचा बाजार: आजी आणि मुलांना घेऊन

गोव्याला जायचं ठरलं की आपण आधी सुट्टी बघतो आणि मग तारीख. हणजूणचा (बहुतेक जण अंजुनाच म्हणतात) समुद्राकाठचा बाजार बघायचा असेल तर आधी वार बघा. हा बाजार फक्त बुधवारी भरतो, आणि तोही पावसाळा सोडून. नोव्हेंबर ते एप्रिल हा धरून चालायचा काळ. मागच्या खेपेला आम्ही गुरुवारी पोचलो होतो, तेव्हा तिथे रिकामं मैदान आणि बांबूचे खुंट एवढंच दिसलं. म्हणून या जानेवारीत मुलांच्या शाळेला दांडी मारून मुद्दाम बुधवार साधला. जाणारे पाच जण: मी, नवरा, चौदा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा धाकटा आणि माझ्या सासूबाई. त्यांचं वय बहात्तर, गुडघे दुखरे, उत्साह मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त.

मुंबईहून येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं थिवी स्टेशन सगळ्यात सोयीचं. मडगावला उतरलात तर पुन्हा सगळा गोवा ओलांडून उत्तरेला यावं लागतं. आम्ही कोकणकन्येने रात्री निघून मंगळवारी सकाळी थिवीला उतरलो आणि तो दिवस निव्वळ आरामात घालवला. हे फार बरं केलं. रात्रभर गाडीत आंबलेलं अंग घेऊन आजींना थेट बाजारात नेणं म्हणजे दिवसाची वाट लावणं. हंगामात या गाड्या भराभर भरतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसून तिकिटं काढून टाका. विमानाने येणार असाल तर मोपाचा विमानतळ दाभोळीपेक्षा जवळ पडतो.

मुक्काम बाजारापासून अर्ध्या तासाच्या आत असावा. आमचा म्हापशाजवळ होता, तिथून हणजूण सात-आठ किलोमीटर. म्हापशाहून बस मिळते, पण बसमधून उतरल्यावर उन्हात चालणं आहेच, म्हणून आम्ही टॅक्सी केली. भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि फक्त जाण्याचं नाही, परतीचंही. आम्ही परतीचं बोललो नाही. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर सगळा बाजार एकदम त्याच एका अरुंद रस्त्याने बाहेर पडतो, तेव्हा रिकामी टॅक्सी मिळायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात धाकटा माझ्या खांद्यावर झोपला आणि आजी एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं तर भुर्दंड तुम्हालाच.

आम्ही साडेनऊला पोचलो, आणि माझं ठाम मत झालंय की घरातले ज्येष्ठ आणि लहान मुलं सोबत असतील तर हीच वेळ. बरेचसे विक्रेते तेव्हा पालं बांधत असतात आणि गाठोडी सोडत असतात. एखादं दुकान अर्धंच लागलेलं असतं, पण चालायला जागा असते आणि विकणाऱ्याला बोलायला सवड असते. साडेबारा ते साडेतीन तिथे थांबू नये. वर नुसतं कापड नाहीतर ताडपत्री, खाली तापलेली लाल माती, हवा बंद. आम्ही दुपारी बाहेर पडून जेवलो, मुक्कामावर जाऊन दोन तास पडलो आणि साडेचारला परत आलो. येण्याजाण्याचा खर्च दुप्पट झाला खरा, पण संध्याकाळी चौघे-पाचजण हसतमुख होते, त्याची किंमत मला त्याहून जास्त वाटते. समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी किनाऱ्याच्या बाजूने चालताना ऊन थेट डोळ्यांवर येतं. टोपी सकाळपेक्षा तेव्हा जास्त लागते.

आत शिरण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनने माझा मोबाइल नंबर लिहिला. दुसरी, चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवली, आणि इथेच आम्ही चुकलो. ‘ते निळ्या चादरींचं दुकान’ असं ठरवलं होतं. तासाभरात तशी सहा दुकानं दिसली. धाकटा ढोलकी वाजवणाऱ्या एका माणसामागे गेला आणि दहा मिनिटं आम्हाला सापडेना. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी एका तिबेटी बाईंनी त्याचं मनगट पाहून मला फोन केला. त्याला त्यांनी स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं. तेव्हा खूण म्हणून दुकान धरू नका. पक्कं बांधकाम, मोठं झाड किंवा प्रवेशाजवळची पायरी अशी जागा ठरवा, आणि मुलाला तिथपर्यंत एकदा चालवून आणा.

पैशांचं आम्ही असं केलं: प्रत्येकाच्या हातात आपापलं पाकीट. थोरलीला सातशे, धाकट्याला तीनशे, आजींना दोन हजार. ज्याने त्याने आपलं बघायचं, आपणच घासाघीस करायची, दुसऱ्याने ‘हे कशाला?’ म्हणायचं नाही. मुलांची भुणभुण यानेच थांबली. धाकट्याने तीनशेत काय घ्यावं यावर पूर्ण सकाळ घालवली, चार दुकानांत एकाच लाकडी बेडकाची किंमत विचारली (पाठीवरून काठी फिरवली की डराँव करतो तो) आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत जाऊन घेतला. दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर ठेवा. यूपीआय चालतं, पण संध्याकाळी गर्दी वाढली तशी आमच्या फोनची रेंज गेली.

आता बाजारातल्या मालाबद्दल. थोरलीने विचारलं, इथे समुद्राच्या काठाला एवढा बाजार भरलाच का? त्याचं मूळ सत्तरच्या दशकात आहे. तेव्हा हणजूणला येऊन राहिलेले परदेशी हिप्पी पैसे संपले की आपल्याजवळचे कपडे, कॅमेरे, पुस्तकं, गिटार आपसात विकायचे किंवा बदलून घ्यायचे. ‘एट फिंगर एडी’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन हिप्पी यात पुढे होता असं सांगतात; २०१० साली गोव्यातच तो वारला. जुनं विकण्याचा तो बाजार आता जवळपास उरलेला नाही. आज तिथे काश्मिरी शाली आणि कागदाच्या लगद्याचे डबे, तिबेटी माळा आणि काशाचे वाडगे, राजस्थानी चादरी, लमाणी भरतकाम आणि ढीगभर टी-शर्ट दिसतात. जुनी दुर्मीळ वस्तू सापडेल अशा आशेने जाणाऱ्याची निराशा होईल. हातांनी केलेली वस्तू ओळखता येत असेल तर मात्र दिवस सार्थकी लागतो.

आमचा लागला तो आजींमुळे. त्या मूळच्या सोलापूरच्या, कानडी उत्तम येतं. एका लमाणी बाईंसमोर थांबून त्यांनी विचारलं, “याव ऊर्री निम्दु?” (तुमचं गाव कुठलं?) त्या बाईंनी दचकून वर पाहिलं. गदगकडच्या एका तांड्यावरच्या होत्या, हंगामापुरत्या गोव्यात येतात. मग आजी खालीच बसल्या, गुडघे विसरून. एक तोरण हातात घेतलं आणि सरळ उलटं केलं. म्हणाल्या, भरतकाम पुढून बघायचं नसतं. मागच्या बाजूला दोरे आडवेतिडवे गेलेले, मध्येच रंग बदललेला, ठिकठिकाणी गाठी. म्हणजे हाताचं. शेजारच्या ढिगातलं दुसरं उलटलं, तर मागे एकाच पांढऱ्या दोऱ्याची एकसारखी रेघ आणि वर चिकटवलेलं कागदासारखं पातळ अस्तर. ते यंत्राचं. आरसेही बोटाने चाचपायला शिकवलं थोरलीला: खरा आरसा थंड लागतो आणि भोवतीच्या टाक्यांनीच धरून ठेवलेला असतो, चिकटवलेली चकती नखाने हलते. आजींनी स्वतः लहानपणी कसुती, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम, केलेली. त्यातल्या गवंती टाक्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गाठ चालत नाही, हे त्यांनी त्या बाईंना सांगितलं. त्या बाईंनी आपल्या ओढणीचं टोक उलटून दाखवलं, आईने भरलेलं. कवड्या झिजून गुळगुळीत झालेल्या, लाल दोरा विटून तपकिरी झालेला, पण एक टाका सुटलेला नाही. ते विकायचं नव्हतंच. थोरली अर्धा तास फोन न काढता तिथे बसली होती.

तोरणाचे बाराशे सांगितले होते. नवरा सवयीने म्हणाला, सहाशे. आजींनी त्याला गप्प केलं आणि हजाराला घेतलं. मला त्यांचं पटलं. सांगितल्याच्या अर्ध्यावर यायचं, हे सूत्र छापील टी-शर्ट, चाव्यांच्या साखळ्या, गॉगल यांना खुशाल लावा, तिथे पहिली किंमत फुगवलेलीच असते. पण ज्या वस्तूला एखाद्या बाईचे आठ-दहा दिवस लागलेत तिथे ते लावू नये. परवडत नसेल तर नमस्कार करून पुढे जावं.

काही गोष्टी मात्र घेऊच नका. चांदी म्हणून जे गळ्यातलं-पायातलं विकतात त्यातलं बरंचसं व्हाइट मेटल असतं. दिसायला छान आहे, तर त्याच भावाने घ्या, चांदीच्या नाही. पश्मिना अंगठीतून आरपार काढून दाखवतात, पण कुठलीही तलम शाल तशी निघते, त्याने काही सिद्ध होत नाही. कुणी प्रवाळाचे तुकडे किंवा वाळवलेले समुद्रघोडे दाखवले, तर मुलं हट्ट करतील तरी ठाम नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली दोन्ही संरक्षित आहेत, विकणं गुन्हा आहे आणि जवळ बाळगणंही. आणि ‘काळी मेंदी’ म्हणून जे टॅटू काढतात त्यापासून मुलांना लांब ठेवा. मेंदी कधी काळी नसते. तो रंग येतो केसांच्या कलपातल्या पीपीडी या रसायनाने, आणि त्याने कातडीवर फोड येऊन डाग राहू शकतात. थोरलीचं मन फार होतं, तिला हे समजावून सांगितल्यावर पटलं. कान साफ करून देतो म्हणत मागे लागणारेही भेटतात. मान हलवा आणि चालत राहा, बोलत उभं राहू नका.

खाण्याचं आधी ठरवा. न्याहारी म्हापशात भाजी-पाव खाऊन केली, गरम पाव आणि पातळ भाजी, मुलांनी दोनदा मागून घेतली. बाजाराच्या आसपासची हॉटेलं मासे खाणाऱ्यांना उत्तम. आजींसारखं शाकाहारी कुणी असेल तर ‘शिवराक’ थाळी मिळते का असं विचारा, हा शब्द तिथे लगेच कळतो. तरी दशम्या आणि शेंगाचटणी आम्ही घरून नेलीच होती, ती उपयोगी पडली. पाणी प्रत्येकी दीड लिटर धरा. स्वच्छतागृहाची सोय जेवायला बसाल त्या हॉटेलातच उरकून घ्या.

समुद्र बाजाराला लागूनच आहे, त्यामुळे मुलं तिकडे ओढतात. पण हा भाग खडकांचा आहे. ओहोटीला उघडे पडलेले काळे खडक शेवाळाने निसरडे असतात आणि भरतीचं पाणी त्यांच्यामधून भराभर चढतं. पोहायचं असेल तर जीवरक्षक असतात तिथे, वाळूच्या पट्ट्यावर जा आणि लाल बावटा लागला असेल तर पाण्यात पाऊल टाकू नका. आम्ही खडकांच्या अलीकडेच बसून सूर्यास्त पाहिला, धाकट्याचा बेडूक अखंड डराँव डराँव करत होता.

जमलं तर मुक्काम शुक्रवारपर्यंत ठेवा. शुक्रवारी म्हापशाचा आठवडी बाजार भरतो, आणि तो गोव्याच्या लोकांचा स्वतःचा बाजार. कोकम, तिरफळं, सुकी खारी मासळी, मातीची भांडी, मोठाली केळी, घरगुती लोणची असं सगळं तिथे मिळतं, आणि बहुतेक गोष्टी वाजवी भावात. आजींनी उरलेले हजार रुपये तिथे कोकमावर आणि मातीच्या एका कुंडल्यावर, म्हणजे रांधायच्या भांड्यावर, घालवले. कुंडलं वर्तमानपत्रात, मग तोरणात आणि मग त्यांच्या नऊवारीत गुंडाळून आम्ही गाडीत मांडीवर धरून आणलं. न फुटता घरी पोचलं.