पाइनच्या फळ्यांची भिंत: पोपडा उलटा केला आणि चोर सापडला

गेल्या दिवाळीत कोलशेतच्या घरी, गच्चीवरच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला पाइनच्या चौदा उभ्या फळ्या लावल्या आणि वर क्लिअर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात मारले. एक पावसाळा गेला नाही तोच भिंत कात टाकायला लागली. मी ठरवून टाकलं, डबाच भेसळीचा. दुकानदाराशी भांडायला निघालो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "साहेब, आधी पोपडा उलटा करून तर बघा."

पहिला रविवार

वरच्या भागातला पोपडा नखाने काढला. पाठीला लाकडाची बारीक लव चिकटलेली, खाली लाकूड राखाडी. म्हणजे पॉलिशने लाकूड सोडलेलं नाही, लाकडाचाच वरचा पापुद्रा सुटलाय. क्लिअर कोटमधून ऊन आरपार जातं, अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतं आणि तंतूंची पकड सुटते. त्यात माझंही पाप आहे: कोट मारण्याआधी या फळ्या महिनाभर गच्चीत उघड्यावर पडल्या होत्या. दोन-तीन आठवड्यांचं कडक ऊनही पकड कमी करायला पुरतं. वर मी सँडपेपर न मारताच ब्रश चालवला.

खालच्या हातभर पट्ट्यात मात्र वेगळाच प्रकार. तिथे आधी फोड आले होते, मग ते फुटले. पोपड्याची पाठ स्वच्छ, लाकूड काळपट. मॉइश्चर मीटरच्या सुया टोचल्या: खाली 23 टक्के, त्याच फळीत वर 12. (रंगाआधी 15 च्या आत हवं. भर पावसाळ्यात मोजू नका, तेव्हा इथल्या दमट हवेत धड फळीसुद्धा 18 च्या पुढे जाते.)

एकाच फळीला दोन आजार! आणि डब्याला क्लीन चिट मिळाली ती छज्ज्याखाली. तिथे ना ऊन लागतं, ना पाऊस. ब्लेडने फुली मारली, टेप घट्ट दाबून खस्सकन ओढली, काहीच निघालं नाही. तोच डबा, तोच ब्रश, तोच दिवस. भांडण रद्द.

एका फळीवर तिसरा कोट दुसऱ्यापासून सुटलाय. मधे पेपर मारायचा कंटाळा केला होता, दुसरं काय.

दुसरा रविवार

पाच फळ्या उतरवल्या. मी त्या थेट प्लास्टरवर स्क्रूने आवळल्या होत्या, मागे हवा खेळायला बोटभरही जागा नाही. खालची टोकं लादीवर टेकलेली, कोरी. लाकूड टोकातून जेवढं पाणी पितं त्याच्या पासंगालाही बाजू पुरत नाही. पुढून पीयूचं रेनकोट घातलेलं, त्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर पडताना पॉलिशच उचलून घेऊन आलं.

आता भिंतीला आधी उभ्या रिपा, त्यांवर आडव्या, मग फळ्या. नुसत्या आडव्या रिपा मारल्या तर त्यांच्यावर पाणी अडतं, हे मिस्त्रीने दाखवलं तेव्हा पटलं. फळ्या लादीपासून चार बोटं वर. टोकांना आणि पाठीला लावण्याआधीच कोट. जुनं पॉलिश पूर्ण उतरवून 80 नंबरचा पेपर, त्याहून गुळगुळीत नको, नाहीतर लाकूड स्टेन (लाकडात मुरणारा रंग) पीत नाही.

पीयू बंद. रंगद्रव्य असलेला, आत मुरणारा ऑइल स्टेन लावतोय. रंगद्रव्य ऊन अडवतं आणि वर जाड पापुद्राच नसल्याने सोलायला काही उरत नाही. फिका पडेल, मग पुसून पुन्हा हात मारायचा. फक्त जादाचा स्टेन पंधरा मिनिटांत फडक्याने टिपून घ्या, नाहीतर वरच चिकट थर बसतो आणि मूळ दुखणं परत येतं.

दोन फळ्या तयार झाल्यात, नऊ अजून भिंतीवर आहेत. आणि हो, तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी सगळी सुटी सुटी करून दोरीवर टाकली. आई खालून ओरडली, "अरे, ती घाणेरडी फडकी धुतल्याशिवाय कसली वाळत घालतोयस?"