स्लायडर अपडेट: पिन २० झाकली, वायफाय अर्धंच सुटलं

माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपचा वायफाय बंद-चालू करणारा स्लायडर ‘बंद’वरच तुटलाय. काल रात्री आरएफकिलच्या (रेडिओ बंद की चालू ते दाखवणारी कमांड) यादीत फाय-झीरोखाली, म्हणजे वायफाय कार्डाच्या नोंदीखाली, एकदाचं ‘हार्ड ब्लॉक्ड: नो’ (स्विचने बंद नाही) उमटलं. आयडब्ल्यू या वायफायच्या कमांडीने स्कॅन मारला तर गल्लीतली सगळी राउटरं हजर! पण वायफाय जोडून देणाऱ्या नेटवर्क मॅनेजरचं तुणतुणं तेच, वायफाय म्हणे हार्डवेअर स्विचनेच बंद आहे.

ठरल्याप्रमाणे तुटक्या स्लायडरला हात लावला नाही, मिनी पीसीआय-एक्सप्रेस सॉकेटातल्या वायफाय कार्डाची पिन २० टेपने झाकली. डब्ल्यू-डिसेबलची (वायरलेस बंद करायची) ती लाइन लो झाली, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ आलं, की कार्ड रेडिओ बंद करतं. पिन झाकली की बोर्डाचा हुकूम कार्डापर्यंत पोचतच नाही. कुणाला करायचं असेल तर सम आकड्यांच्या बाजूला, खाचेपलीकडच्या लांब भागातला दुसरा पाय धरा. पहिला १८, तो ग्राउंड. तिसरा २२, रीसेटचा. टेपची पट्टी तिकडे सरकली तर कार्ड एलएसपीसीआयमधूनच (जोडलेल्या कार्डांच्या यादीतून) गायब होऊ शकतं. पायांमधलं अंतर ०.८ मिमी, त्यामुळे पट्टी कात्रीने नको, नव्या ब्लेडने कापा.

आणि सेलोटेप तर नकोच. सोलापूरच्या एप्रिलात त्याचा गोंद पाघळून सॉकेटात उतरणार. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा) नवी पेठेत मोबाइल स्पेअरवाल्याकडे मिळाला. तो म्हणाला, “मालक, डोंगल लावा की, कशाला उचापती?” बरोबर आहे त्याचं, पण मग आपण इथे जमतो कशाला?

तर, नेटवर्क मॅनेजर. आरएफकिलच्या यादीत वायफायच्या दोन नोंदी आहेत, एक कार्डाच्या ड्रायव्हरची आणि दुसरी लॅपटॉपवाल्या कंपनीच्या डब्ल्यूएमआय ड्रायव्हरची. दुसरा ड्रायव्हर स्विचची स्थिती थेट फर्मवेअरला (बोर्डातच भरलेल्या प्रोग्रॅमला) विचारतो, आणि फर्मवेअरच्या लेखी स्लायडर अजून ‘बंद’च आहे. सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली बंदी, असता तर एका कमांडीत सुटला असता. हार्ड ब्लॉकला कर्नल हात लावू शकत नाही. त्यात नेटवर्क मॅनेजरचा नियम असा की प्लॅटफॉर्मची (लॅपटॉपची, म्हणजे ती दुसरी) नोंद ब्लॉक असेल तर कार्ड काहीही म्हणो, शब्द प्लॅटफॉर्मचाच चालतो. नियम म्हणून चूक नाही, विमानात बसलेल्याला तेच हवं. पण इथे प्लॅटफॉर्मच धादांत खोटं बोलतोय.

डब्ल्यूएमआय ड्रायव्हरचं मॉड्यूल उतरवून पाहिलं. दुसरी नोंद गेली, वायफाय जोडलं गेलं, आणि मी बसल्याजागी कडक भाकरी-शेंगाचटणीची पार्टी केली. ते पुन्हा लोडच होऊ नये म्हणून ब्लॅकलिस्टमध्ये टाकून विषय संपवणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की म्यूटचा दिवा आणि खास बटणं त्याच मॉड्यूलवर चालतात. ती घालवायची नाहीत.

(विंडोज ८ पासून एअरप्लेन बटणाला एचआयडीची (कीबोर्ड-माऊसचीच) ठरलेली वाट आहे, तेव्हापासून स्लायडर मागे पडत गेले. चांगलंच झालं. यंत्राच्या कडेला लोंबणारा प्लॅस्टिकचा दात हा स्विच नव्हे, छळ आहे.)

हे लिहिता लिहिताच बेत बदलला. खोटं बोलणाऱ्याचं तोंड दाबत बसण्यापेक्षा त्याला खरं बोलायला लावू. स्लायडरला तीन पाय आहेत. त्यातले कुठले दोन जोडले की ‘चालू’ होतं ते आधी मल्टीमीटरने बघायचं, मग बारीक एनॅमल (लाखेचं आवरण असलेल्या) तारेने ते कायमचे जोडायचे. फर्मवेअरला ‘चालू’ दिसलं की दोन्ही नोंदी सुटतील, टेपही काढता येईल, आणि बंद-चालू सगळं सॉफ्ट ब्लॉकवर राहील. तिसरा पाय चेसिस ग्राउंड (सांगाड्याला जोडलेला) निघाला तर मात्र तार कुठून न्यायची ते बघावं लागेल. या बोर्डाचं स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) कुणाकडे असेल तर सोल्डरिंगच्या आधी दाखवा.