परक्याची वाकळ

घट बसायला चार दिवस उरले की कोल्हापुरातल्या घराघरांत अंथरूण-पांघरुणाचं वेड शिरतं. लहानपणी आम्ही वाकळी डोक्यावर घेऊन पंचगंगेवर जायचो. आता लोक टेम्पोनं नेतात आणि मी गुडघ्यांमुळं गच्चीवरच धुते. तंत्र मात्र तेच. पावडरच्या पाण्यात तासभर बुडवायची, मग पदर खोचून वर उभं राहायचं आणि तुडवायची. पाणी प्यालेली वाकळ उचलणं म्हणजे बसकण मारलेल्या रेडकाला उठवणं. परवा दुपारी अशा तीन वाकळी कठड्यावर टाकल्या, दोन आमच्या आणि एक हिरव्या काठाची, आणि कंबर धरून टाकीच्या सावलीला बसले. फोन बघितला तर भाचीचा फोटो.

अमेरिकेतलं चर्च. आत एक माणूस नाही. लाकडी बाकांच्या रांगा आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर एकेक वाकळ टाकलेली. चौकड्यांची, फुलाफुलांची, एकीवर तर कुणाच्या तरी जीनचे खिसे तसेच्या तसे. खाली लिहिलेलं, ‘मावशी, हितं पण घट बसायलेत बघ!’

भाची मिनेसोटात असते. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून गेलेल्या लोकांची वस्ती तिकडं जुनी, त्यामुळं लुथरन चर्चं भरपूर. पहिल्याच हिवाळ्यात ही घरात कोंडून गेली. नवरा दिवसभर ऑफिसात, ओळख कुणाची नाही, बाहेर बर्फ. घराजवळच्या चर्चवर पाटी होती, ‘सर्वांचं स्वागत’. सर्वांचं म्हणजे आपलंबी असणार, असा कोल्हापुरी अर्थ लावून ही आत शिरली. वर उपासना, पण खरा संसार तळघरात. लांब टेबलं, खिमा आणि बटाटे घालून भट्टीत भाजलेलं हॉटडिश, आणि कॉफी, म्हणजे हिच्या मते कप विसळलेलं पाणी. धर्म कुणी विचारला नाही. एका म्हातारीनं एवढंच विचारलं, ‘गाठ मारता येते का?’

तिथं आठवड्यातून एकदा बायका जमतात. जुने पडदे, शर्ट, चादरी कापून चौकोन जोडायचे, मध्ये जाड थर, खाली अस्तर, आणि ठरावीक अंतरावर दोऱ्याच्या गाठी. आपल्यासारखा धावदोरा नाही, नुसत्या गाठी. (हे माझ्या मनाला पटलेलं नाही. चार धुण्यांत आतला थर गोळा होणार.) माप ६० बाय ८० इंच. मग एका रविवारी सगळ्या बाकांवर पसरायच्या, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्यांच्यावर प्रार्थना करणार, आणि सोमवारी खोक्यांत भरून लुथरन वर्ल्ड रिलीफकडं रवाना. महायुद्धानं उघड्यावर आणलेल्या युरोपातल्या माणसांसाठी १९४५ साली निघालेली ही संस्था. आता त्या वाकळी देशोदेशीच्या छावण्यांत जातात. पांघरणारा कोण, शिवणारीला कधी कळत नाही.

‘लुथरन म्हणजे नेमकं कोण?’ मी घरात विचारलं. पेपरातून डोकं न काढता आमचे हे म्हणाले, ‘मार्टिन ल्यूथर किंगची माणसं.’ किंग अमेरिकेतला काळ्यांचा पुढारी, आणि पंथानं बॅप्टिस्ट. लुथरन ज्याच्या नावाचे, तो मार्टिन ल्यूथर त्याच्या चारेकशे वर्षं आधीचा जर्मन संन्यासी. पापमाफीच्या चिठ्ठ्या विकायचा धंदा चालला होता, त्याविरुद्ध १५१७ साली यानं ९५ मुद्दे काढले, आणि पाच वर्षांनी बायबलचा नवा करार सरळ लोकांच्या जर्मनमध्ये आणला. ‘मग आपल्या ज्ञानोबांसारखाच की,’ हे म्हणाले आणि पान उलटलं. लुथरन मिशनरी १७०६ सालीच तमिळ मुलखात तरंगंबाडीला उतरले होते. आपल्याकडं मात्र १८५२ साली आले ते अमेरिकन वाइल्डरसाहेब, आणि १८७० पासून मिशन प्रेस्बिटेरियन या दुसऱ्याच ख्रिस्ती पंथाचं झालं. शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.

मला ‘पाळकसाहेब’ वगैरे शब्द येतात ते शेजारच्या टीचरमुळं. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे, त्या नुसत्या टीचर. दर रविवारी पांढरी साडी, हातात गीतांचं पुस्तक. मी त्यांच्या मुलीच्या मागं लागून संडे स्कूलला जायची, कारण तिथं रंगीत चित्रांची कार्डं मिळत. गाणी पेटी-तबल्यावर, थेट आमच्या घरच्या भजनासारखी, त्यामुळं मला परकं काही वाटलंच नाही. एकदा अर्पणाची मखमली थैली माझ्यापुढं आली. आईनं दहा पैसे दिले होते, पण त्यातले पाच परत आणायला सांगितले होते. मी दहा टाकले आणि पाच काढून घ्यायला थैलीत कोपरापर्यंत हात घातला. पलीकडच्या बाकावरचे आजोबा खोकल्याचं निमित्त करून हसत होते. बाहेर आल्यावर टीचरनी आपल्या पर्समधून पाच पैसे दिले. ‘देवाकडं मोड मिळत नाही गं, माझ्याकडनं घे.’

टीचरांच्या चर्चमधलं महिला मंडळ दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी दुपटी शिवायचं. त्यासाठी टीचर गल्लीभर मऊ लुगडी मागत फिरायच्या. आई द्यायची. आजीला ते अजिबात खपायचं नाही. त्यात जातीपातीचंही काही होतं, ते मला पुढं कळलं, पण तोंडानं ती वेगळंच सांगायची. ‘वाकळंला माणसाचा वास असतोय. परक्याच्या वाकळंत झोप लागत न्हाई.’ आजी स्वतः वाकळ शिवायची तेव्हा शेवटची कड बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ घालायची, वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. कुठलं ठिगळ कुणाचं, हे तिला अंधारात चाचपून सांगता यायचं. हे काकाचं धोतर. हे पहिल्या बाळंतपणातलं. हे गेलेलीचं. आम्ही त्या गेलेलीवर पाय येऊ नयेत म्हणून अंग चोरून झोपायचो.

मग २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ च्या वर गेली. जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरून आमच्या खालच्या खोलीत शिरलं. रात्री बोटीतून काढलं आम्हाला, माझ्या हातात देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि यांच्या हातात विजेची बिलं. पुढचे पाच दिवस एका चर्चच्या हॉलमध्ये. तिथं मशिदीतून आलेली बिर्याणी होती, कुठल्याशा तरुण मंडळाची खिचडी होती, आणि ओट्यावर गावभरातून आलेल्या पांघरुणांचा डोंगर. एका पोरानं वरची वाकळ ओढून माझ्या अंगावर टाकली. हिरव्या काठाची, कुणाच्या तरी इरकलीची. मी सवयीनं कोपरा चाचपला. तांदूळ लागले नाहीत.

आजी आठवली. आता रात्रभर डोळा लागणार नाही, अशी मनाची तयारी करून पडले. सकाळी शेजारच्या बाईनं यांच्याकडं तक्रार केली, ‘वहिनी लई घोरत्यात हो.’

घरी परतलो तर चिखलात आजीची वाकळ सापडली. दोघांनी धरूनही उचलेना. उन्हात चार दिवस टाकली, वास जाईना. शेवटी महापालिकेच्या ट्रॉलीत गेली, गल्लीतल्या गाद्यांबरोबर. तांदूळ, धोतर, गेलेली, सगळं.

ती हिरव्या काठाची मात्र हॉलमधून निघताना पिशवीत बांधून आणली होती, धुऊन परत द्यायची म्हणून. दरवर्षी घटाच्या आधी धुते. वाळली की परत देऊन यायचं ठरवते. परवाही ठरवलं. संध्याकाळी ढग आले, म्हणून घाईघाईनं खाली आणली आणि घडी घालून परत कपाटात ठेवली.